सहाचं रडणं

सून आता सासूबाईंना त्यांच्याच घरात तोंड मिटून बसायला शिकवू लागली होती. लेकीला, बाळीला, काही विचारायचं आणि मग म्हणे मनात दहापर्यंत मोजायचं. मधे चकार शब्द काढायचा नाही. सव्वीस वर्षं त्या न बोलणाऱ्या लेकीच्या नुसत्या हुंकारावरून सासूबाईंना सगळं कळत आलं होतं. आणि ही कालची आलेली पोर त्यांना आकडे मोजायला लावत होती.

"अगं, तहान लागलीय तिला. मला दिसतंय ना!"

"दिसतंय हो आई. पण तिला सांगू दे."

"तिला सांगता आलं असतं तर तुझ्यासाठी थांबली असती होय?"

सगळ्या कटकटीचं मूळ ती बोलकी पाटी. तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवून सुनेने ती अपंगांच्या केंद्रातून पंधरा दिवसांच्या बोलीवर आणली होती. पाटीवर चित्रं. चित्रावर हात टेकला की पाटी बोलायची, 'पाणी', 'खिडकी', 'नको'. बाळीची बोटं उघडत नसत, पण मुठीचं हाड टेकलं तरी भागायचं. आज पंधरावा दिवस. बाळी पाटी वापरते का ते बघायला केंद्रातल्या बाई येणार होत्या. वापरत नसेल तर पाटी दुसऱ्या घरी जाणार. आणि चौदा दिवसांत बाळीची मूठ जेमतेम तीनदा पाटीला लागली होती. बाकी वेळी सासूबाईंचा तांब्या आधी पोचला होता.

बाई साडेपाचला आल्या. पाटी उलटीपालटी करून बघू लागल्या.

"यात हिच्या बापाचा फोटो घाला," सासूबाई म्हणाल्या. "मग बघा कशी दाबते. सहाला रडायला लागेल, तेव्हा बघाच."

बाळीचे वडील छापखान्यात होते. सहाच्या ठोक्याला जिन्यावर त्यांची पावलं वाजायची आणि बाळी खिदळायची. हातपाय धुऊन ते तिच्या पायाला स्प्लिंट बांधायचे. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा प्लॅस्टिकचा साचा, तीन पट्टे. त्यांनीच मापं देऊन करून आणलेला. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले. तेव्हापासून सासूबाईंनी सहाची वेळ कधी चुकवली नाही.

पहिली दोन वर्षं बाळी गप्प होती. मग रडायला लागली. गेली तीन वर्षं रोज, सहाला. "आत्ता कळलं तिला, बाप यायचा नाही ते," सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मुलगा कामाला लागला, सून घरात आली, फोटोवरचा हार सुकून काढला गेला. त्यांची आठवण काढून रडणारी घरात एवढी एकच. सासूबाई पट्टे आवळायच्या, लेकीचं डोकं छातीशी धरायच्या आणि तिच्याबरोबर आपलंही रडून घ्यायच्या. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना हलकं वाटायचं.

सुनेने फोटो घातला. त्याच्या शेजारी बाईंनी रडक्या चेहऱ्याचं एक चित्र ठेवलं. 'दुखतंय.'

"ते कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"असू द्या, आजी. रडणाऱ्या माणसापुढे हे लागतंच."

सहा वाजले. सासूबाईंनी तिसरा पट्टा ओढला आणि बाळीने गळा काढला.

"बघितलंत? आली बापाची आठवण."

"आई," सून हळूच म्हणाली, "दहापर्यंत."

सासूबाईंनी ओठ आवळले. सुनेने पाटी पुढे धरली. बाळीची मूठ हवेत थरथरली, फोटोवरून पुढे सरकली आणि खाली आली.

'दुखतंय.'

"हात घसरला तिचा."

सुनेने चित्रांच्या जागा बदलल्या. मूठ फोटो ओलांडून पुन्हा तिथंच गेली. 'दुखतंय.' मग बाईंनी अंगाच्या भागांची चित्रं लावली. डोकं, पोट, पाय. या वेळी सासूबाई खरंच मोजत होत्या. सातावर पाटी बोलली. 'पाय.'

बाईंनी पट्टे सोडले. त्याच क्षणी रडणं थांबलं.

घोट्याच्या वर काळपट घट्टा होता, मधोमध लालभडक. सासूबाईंनी तो रोज अंघोळीच्या वेळी बघितला होता. पट्ट्याचा वळ समजून त्यावर तेल चोळलं होतं. बाईंनी साच्यात बोट फिरवलं. आतला स्पंज झिजून पार गेला होता. पट्ट्याचा रिव्हेट, तो लोखंडी खिळा, उघडा पडला होता.

"हा दोन वर्षांनी बदलायचा असतो, आजी. कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. ज्यांना सांगितलं ते गेले."

बाईंनी कागदावर खूण केली. पाटी इथंच राहील आणि नव्या स्प्लिंटच्या मापाला सोमवारी या, म्हणाल्या आणि निघाल्या. बाळी खिडकीकडे बघत बसली होती. सव्वासहा वाजले होते आणि तिचे डोळे कोरडे होते.

सासूबाई साचा मांडीवर घेऊन खाली बसल्या. त्यांनी रिव्हेटवर अंगठा दाबला. रुतेपर्यंत दाबला. सून शेजारी टेकली.

"आई, तुम्हाला कसं कळणार होतं?"

सासूबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. दहाच्या कितीतरी पुढे.

"तीन वर्षं तिला मी रडवत होते," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, आम्ही दोघी मिळून त्यांना रडतोय. तुझंच खरं, सूनबाई, तिचं तिला सांगू द्यावं. पण एवढं एक तुझं खोटं निघायला हवं होतं गं."