दीड इंच लाकूड

"सही माझीच आहे. पण मी काडतुसांची पेटी नेली, बंदूक नाही!" आरोपीच्या पिंजऱ्यातला उंच माणूस तिसऱ्यांदा ओरडला.

साक्षीच्या कठड्यामागे बंदुकीच्या दुकानाची मालकीण उभी होती. बाई एवढीशी, म्हणून शिपायाने तिच्या पायाखाली खोकं दिलं होतं. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघायची. लाकूड तासण्यापासून नेम तपासण्यापर्यंत सगळं स्वतः. वहीत गिऱ्हाइकाने आधी सही करायची आणि बाकीची ओळ तिने सावकाश भरायची, ही नवऱ्यापासूनची पद्धतही तिने मोडली नव्हती.

राष्ट्राध्यक्षांचा खून ऐन थंडीत झाला. चौकातल्या एका गच्चीवर बंदूक सापडली, नंबरावरून पोलीस दुकानात आले आणि वहीत या माणसाची सही निघाली. सगळा खटला आता त्या एका ओळीवर येऊन ठेपला होता.

बचावाचा वकील पुढे आला. "बाई, हा तुमच्या मुलाच्या खटल्यात साक्षीदार होता ना?"

"होता. धडधडीत खोटं बोलला. माझा मुलगा फासावर गेला."

दयेचा अर्ज घेऊन ती राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत सात खेपा घालून आली होती. आठव्या खेपेला नकाराचा कागद हातात पडला. तेव्हापासून तिच्या पोटात आग होती आणि ती लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

"म्हणजे सूड उगवताय तर!"

"सूडच घ्यायचा असता तर याला बंदूक विकली नसती, साहेब. याच्यावरच झाडली असती."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी डोळे वटारले.

वकिलाने मग हुकमी पत्ता काढला. बंदूक आरोपीच्या हातात दिली आणि खांद्याला लावायला सांगितली. मागचा लाकडी दस्ता खांद्याला टेकताच त्याचं कोपर अवघडलं, अंगठा थेट नाकाला भिडला.

"बघा! दस्ता दीड इंच कापलाय. ही बंदूक या माणसाच्या मापाचीच नाही!"

कोर्टात कुजबुज सुरू झाली. तिने मात्र बंदुकीकडे पाहिलंही नाही.

"दस्त्याचं माप कोपराच्या खळीपासून चापावरच्या बोटापर्यंत घेतात. पण वर जाड कोट असला की तोच दस्ता लांब पडतो. हा म्हणाला, थंडीत वापरायचीय, कोटावर बसेल अशी करून द्या. मी दिली करून."

वकिलाने आरोपीच्या हातातून बंदूक काढून घेतली. खून झाला त्या दिवशी पाणी गोठलं होतं, हे सगळ्यांना आठवत होतं.

"खोटं बोलतेय ही! देवाशपथ सांगतो!" पिंजऱ्यातला माणूस रडकुंडीला आला.

"तेव्हाही तू शपथच घेतली होतीस," ती शांतपणे म्हणाली आणि खोक्यावरून खाली उतरली.

आठवड्याभरात निकाल लागला. फाशी.

दुपारी तिने दुकान बंद केलं आणि घरी येऊन हातपाय धुतले. कपाटातल्या डब्यातून लाकडाची दीड इंची चकती काढली. मुलाच्या फोटोसमोर ठेवली.

"दोघांचंही झालं रे, बाळा," ती म्हणाली.

मग तिने कोपर दुमडून खळीपासून बोटापर्यंत हात न्याहाळला. दस्ता कापताना तिने माप याच हाताचं घेतलं होतं.