पायातलं काढून

पाण्याखाली वेतोबाच्या देवळाचा कळस दिसताच सुगंधा कुबलने होडीचं इंजिन बंद केलं.

"स्नॉर्केलिंगला या किनाऱ्यावर याहून चांगली जागा नाही," ती पर्यटकांना म्हणाली. "पायातले फिन्स काढा आणि उतरा."

"मावशी, फिन्स काढून पोहायचं कसं?" एक तरुण हसला. "आणि देऊळ आता राहिलंय कुठे? आत नुसते मासे आहेत."

सुगंधाने त्याच्या पायातले फिन्स ओढूनच काढले.

"समुद्र आम्ही नाही वर चढवला. आमचं गाव बुडवलंत, आता बघायलाही तुम्हीच येता. या देवळात चपला एकटा वेतोबा घालतो, आम्ही त्याला वाहिलेल्या. समजलं?"

तरुण वरमला. "बरं, पुढच्या जागी तरी घालू ना?"

"पुढची जागा माझं स्वयंपाकघर आहे," सुगंधा म्हणाली.