हिरवं बटण

पडद्यावर छोटी खिडकी उघडली. लांबच्या कुणाला तरी या कॉम्प्युटरमध्ये यायचं होतं. खाली दोन बटणं. हिरवं म्हणजे ये, लाल म्हणजे चालता हो.

जैनुद्दीनचाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. खिडकीतला नंबर मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीशी एकेक आकडा ताडून पाहिला. गेल्या महिन्यात त्यांनी अनोळखी माणसाला हिरवं दाबलं, आणि त्या चोरानं छपाईच्या दुकानातल्या पत्रिका, बॅनर, सगळं कुलूपबंद करून टाकलं. तेव्हा त्यांच्या मुलानं, शाकीबनं, आपल्या हातानं ही चिठ्ठी लावली होती. त्याचा हा एकच नंबर आत घ्यायचा.

"दुसराच हाय कोनी," चाचा म्हणाले. लाल दाबलं.

समोरच्या स्टुलावर देवीदास फुलवाला बसला होता, आपल्या दुकानाचा बोर्ड करून घ्यायला. "शाकीबभाऊ काहून नाई आले अजून?"

"येते ना. अकराले येतेच तो."

शाकीब अमरावतीच्या दवाखान्यात होता. तंबाखूच्या खर्र्यानं घसा खाल्ला, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. रोज अकराला तो लॅपटॉप पोटावर घेऊन अकोल्याच्या या कॉम्प्युटरमध्ये यायचा. चाचा हिरवं दाबायचे. मग माऊसला कुणी हात न लावता बाण फिरू लागायचा आणि कामाआधी कोऱ्या पडद्यावर बोटाएवढी अक्षरं उमटायची: अब्बा, चाय हुई?

"हो गई, बेटा," चाचा मोठ्यानं सांगायचे. तिकडे ऐकू जायचं नाही. तरी सांगायचे.

खिडकी पुन्हा आली. तोच परका नंबर.

"पाह्य कसा बेशरम हाय!"

"दाबा लाल, चाचा," देवीदास हसला. "हारावर तोंड टाकनारी गाय बी एवढी चिवट नसते."

लाल.

तिसऱ्यांदा खिडकी आली, तेव्हा चाचा बोट उगारूनच बसले होते. "चल निंघ, चोट्ट्या! माह्या पोराची यायची येळ झाली."

लाल. मग खिडकी आली नाही. अकरा वाजून गेले. शाकीबही आला नाही.

पाऊणला सुनेचा फोन आला. चाचांना कमी ऐकू येतं, म्हणून देवीदासनं स्पीकर लावून दिला.

"अब्बा," अनीसा म्हणाली. "लॅपटॉप बंद पड गया था. मैं चार्जर लाने गई थी. उनो सिस्टर के कंप्यूटर से आ रे थे. मुँह से खून गिर रा था, फिर भी तीन बार आए. आपने अंदर नै लिया."

देवीदास स्टुलावरून उठला.

चाचांनी कानामागचा पेन काढला. "अब आया तो लेता ना, बेटा. वो सिस्टर का नंबर बता. लिख के चिपका देता."

पलीकडे अनीसाच्या मागे कुणीतरी बॉडी नेण्याच्या कागदावर सही मागत होतं.

चाचांनी पेन खाली ठेवला. जिथं हिरवं बटण यायचं, तिथं बाण नेऊन ठेवला. थोड्या थोड्या वेळानं पडदा काळा पडत होता. ते माऊस जरासा हलवायचे आणि बाण परत त्या जागेवर आणायचे.