बगळ्याने खाल्लेली रोहू

“सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही मॅडम, पण ती सगळी माशाची पिल्लं एकाच बगळ्यानं खाल्ली,” तळ्याच्या पाळीवर बसून फागोजी नान्हे म्हणाला. “मग त्याला उडता येईना. बिचारा साकोलीपर्यंत पायी गेला.”

मत्स्य खात्याची तपासणीस अरुंधती हसली नाही. गेल्या पावसाळ्यात यंत्राने नान्हेच्या रोहू माशाच्या अंड्यांत गुणसूत्रांचा एक संच जास्त मोजला होता. अशी सदोष अंडी त्याच दिवशी चुन्यात पुरायची, असा कायदा होता. नान्हेचं चुन्याचं पोतं अजून शिवलेलंच होतं.

“त्या अंड्यांतला एक मासा जरी जिवंत दिसला, तरी तळं आटवावं लागेल,” ती म्हणाली.

“दिसेल कुठून? बगळ्यानं ढेकर दिला तो मी या कानांनी...”

“खोटं बोलता तुम्ही!” त्याची बायको कौतिकाबाई कोंड्याची टोपली घेऊन पाण्यात उतरली. “माझी लेकरं बगळ्याच्या पोटात कशाला घालता?”

तिने रोजच्यासारखी पाण्यावर तीनदा थाप मारली. सारं तळं उसळून तिच्या पायांशी आलं.

“घ्या मॅडम,” कौतिकाबाई म्हणाली. “यातला सदोष कोणता, तो हातानं धरून दाखवा. मग आटवा तळं.”