पुढच्या चाकाची चकती

२०२१ साली, मच्छिंद्रराव जाऊन वर्ष झाल्यावर, नात मोनिकाने त्यांची जुनी जीप डोंगरवाटांसाठी दुरुस्त करायला काढली. राहुरीच्या तरुण मिस्त्रीने इंजिन चालू केलं, पण ओल्या वावरात फोर-व्हीलचा दांडा टाकूनही पुढची चाकं ओढेनात.

"गिअरबॉक्स गेला, ताई. आता भंगारच."

मोनिकाचा चेहरा उतरला. तिची आजी चांगुणाबाई ओट्यावरून उठल्या, चिखलात बसल्या आणि पुढच्या एकेका चाकाच्या मधोमध असलेली चकती त्यांनी जोर लावून फिरवली.

"आता टाक दांडा. चकती फिरवल्याबिगर म्होरल्या चाकांना जोर पोचत न्हाई."

जीप चिखल उडवत बांध चढली.

"आजी, तुमाला हे कुनी शिकवलं?" मिस्त्री बघतच राहिला.

"शिकवतंय कोन? ह्यांची विजार मळू नये म्हून चाळीस वर्सं मीच उतरायची."

"आणि आजोबा सांगायचे, जीप फक्त माझंच ऐकते!" मोनिका म्हणाली.

"ऐकायची की. मी फिरवून आल्यावर."

मिस्त्री आता जुनी जीप आली की आधी चकती बघतो. मच्छिंद्रराव भिंतीवरच्या फोटोत जीपशेजारी उभे आहेत, पांढऱ्याशुभ्र विजारीत. जीप रतनवाडीपर्यंत जाऊन येते. वाटेत चिखल लागला की मोनिका उतरते. चांगुणाबाई सीटवरून हलत नाहीत.