जावयाचं जाळं

"डाक्टरीनबाई, एक काढूनच राह्यल्या, तं दोन्ही काढाल का?"

मंगलीनं एकदम विचारूनच टाकलं. खिडकीबाहेर प्रेमिला आणि मनकर्णा पदर तोंडात कोंबून हसल्या. शर्यत त्यांचीच होती. एवढं विचारून दाखव, ओंजळभर पिकली टेंभरं तुझी! चांदा शहर बघायला मिळेल म्हणून दोघी मैत्रिणी मुद्दाम बैलबंडीत चढल्या होत्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "चांगलं अंग कुणी कापतं का गं?" म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

छातीतली ती गाठ दिवाळीपासूनची. माय गिरजा म्हणे, तलावातल्या शिंगी मासोळीचा काटा लागला, विषानं सुजलं. तिनं हळद लावली, निंबाचा पाला बांधला. ढिवराच्या घरात काहीही सुजलं की शिंगीच आठवते! गाठ मुठीएवढी झाली तेव्हा कुठं दवाखाना आठवला. आता त्या बाजूचा स्तनच काढावा लागणार होता.

मंगलीला दुखत नव्हतं. खरं तर कितीक वर्षांत तिला काही वाटलंच नव्हतं. लहानपणी ती बाप इस्तारीसोबत कंबरभर पाण्यात उतरून जाळं फेकायची. अंग भरलं तशी माय म्हणाली, "आता जाळ्याले हात नाई लावाचा." जाळं पुरुषाचं, टोपली बाईची. तेव्हापासून ती काठावर मासे निवडायची. विसाव्या वर्षी लग्न जुळलं तेव्हाही मासेच निवडत होती. गाठीमुळे ते मोडलं तेव्हाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा एका बाजूला नुसती पट्टी होती. सपाट. पायथ्याशी गिरजा रडत होती. "माह्या पोरीले आता कोन करन वं!" इस्तारी भिंतीला टेकून, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून जाळं विणत होता. होणाऱ्या जावयाला त्याच्या हाताच्या मापाचं जाळं द्यायची त्यांच्यात रीत. जावई हातचा गेला, पण इस्तारीचे हात थांबले नव्हते.

प्रेमिलानं टेंभरं खाटेवर ठेवली. "मंगले, आमी असी शर्यत नाई लावाले पाह्यजे होती."

"तुमी कुठी लावली? मीच तुमच्याकडून लावून घेतली. विचाराले मले काही तरी बहाणा पाह्यजे होता."

मंगलीनं पट्टीवर हात ठेवला. हात तिथंच राहिला. गिरजा रडायची थांबली.

"माय, या एकाच बाजूनं मी मी हाय. मले पोरगी नोका म्हणू आता. तुमी बंडी जुंपा, दुसरं काढल्याबिगर मी गावाले येत नाई. डाक्टरीनबाई नाई म्हणन, तं रोज विचारीन." मग मंगलीनं भिंतीकडे पाहिलं. "अन् बाबा, ते जाळं उसवा. माह्या हाताच्या मापानं विणा."