ड्रायव्हर पाहिजेत

ट्रकमालकाने सकाळीच गेटवर ‘ड्रायव्हर पाहिजेत’ अशी पाटी टांगली आणि ऑफिसात एसी लावून मुलाखतींसाठी ठाण मांडलं. पगार आठ वर्षांपूर्वीचाच होता, तरी रांग लागणार याची त्याला खात्री. संध्याकाळपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही.

“माजलेत लेकाचे,” तो समोर बसलेल्या मेहुण्याला म्हणाला. “कष्ट नकोत कुणाला, सगळं आयतं गिळायला हवंय.” मेहुण्याने दिवसभर दुसरं काही केलं नव्हतं, त्याने मान डोलावली.

तणतणत मालक घरी निघाला. गेटवर वॉचमनने कडक सलाम ठोकला.


“साहेब, ड्रायव्हरांच्या पायांनी फरशी घाण होते, त्यांना आत सोडायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना? आज अकरा जण आले होते, सगळे बाहेरच्या बाहेर पिटाळले.”